पोस्टकार्डाएवढी फट

मित्रांनो, गोठ्याच्या त्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्यांखालून एक गंजके चाक बाहेर डोकावते आहे ना, ते माझे. माझ्या बैठकीवर कोंबडी अंडी घालते. दिव्यात कुंभारमाशीने घर केले आहे. पूर्वी लोक मला फटफटी म्हणत, आता काहीच म्हणत नाहीत. तशी मी म्हातारी नाही, जेमतेम आठ वर्षांची आहे. पण यंत्राचे वय ते शेवटचे कधी चालले त्यावरून धरायचे असते, आणि तसे पाहिले तर मी तीन वर्षांपूर्वीच मेले आहे.

माझा जन्म विलायतेत, ऐन लढाईत झाला. पुरुषमाणसे आघाडीवर गेली होती, म्हणून कारखान्यात बायका राबत. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने माझे इंजिन जोडले. तिच्याकडे पोलादी पात्यांचा एक लहानसा जुडगा होता. कागदासारखी पातळ पाती, प्रत्येकाची जाडी वेगळी. त्यातले एक पाते तिने माझ्या पोटात सरकवून पाहिले, मान डोलावली आणि झाकण लावले. त्या पात्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुम्हाला मात्र तो आधीच सांगते, कारण माझी सारी कहाणी त्यावरच अडली आहे.

माझ्या पोटात दोन झडपा आहेत. एक पेट्रोलची वाफ आत घेते, दुसरी जळका धूर बाहेर सोडते. प्रत्येक झडपेला एक दांडा असतो आणि त्याला खालून उचलणारा एक खुंट असतो. त्या खुंटाला टापेट म्हणतात. दांडा आणि टापेट यांच्यात थोडीशी फट ठेवावी लागते. इंजिन तापले की दांडा लांबतो, आणि त्या लांबण्याला तेवढी जागा हवी असते. जागा नसली तर झडप पुरती मिटत नाही. मग इंजिनाचा सारा जोर तिथून निसटून जातो. फट थोडी जास्त असली तर नुसती टकटक होते, बाकी काही बिघडत नाही.

लढाईत मी आसामच्या चिखलात निरोप वाहिले. दर महिन्याला वर्कशॉपातला हवालदार माझी फट तपासून देई. लढाई संपली तसा माझा खाकी रंग सगळ्यांना नकोसा झाला आणि पुण्याजवळच्या डेपोत माझा लिलाव झाला. तिथे मला लालासाहेब भेटले.

लालासाहेब वडूजपासून दोन कोसांवर येरळेकाठच्या गावचे. फौजेत तेही मोटारसायकलवरून निरोप पोचवत. त्यांनी मला गावात आणले तो दिवस मी कसा विसरेन! पोरे वेशीपासून मागे धावत आली. त्यांच्या आईने, हरणाबाईने, माझ्या दिव्याला हळदकुंकू लावले आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. शेजारच्या गुंडा तात्यांनी दोनदा माझ्याभोवती फेरी मारली आणि विचारले, "लाला, बिघाडली तर रं?"

"आपुन कशाला हाय मंग?" लालासाहेब म्हणाले. "फौजंत हेच तर केलं आमी."

मित्रांनो, हे खरे नव्हते. फौजेत स्वाराने तेल घालायचे, हवा भरायची आणि चालवायचे. पोटाचे काम वर्कशॉपचे. पण गावाने त्यांना मिस्त्री म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव लालासाहेबांना गोड लागले. माणूस आहे, लागणारच. वडूजच्या बाजारात उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या मधुकर ड्रायव्हरने एकदा सहज म्हटले, "फट बघून घ्या, टकटकतेय. माझ्याकडं पात्यांचा गेज आहे." त्यावर चारचौघांत लालासाहेब म्हणाले, "तुमच्या डबड्याला लावा तो गेज. आमी फौजेतली मानसं." मधुकर हसला आणि आपल्या मोटारीत जाऊन बसला. मला तेव्हा लालासाहेबांचा फार अभिमान वाटला होता. मीही मूर्खच.

आता हरणाबाईच्या थोरल्या मुलाविषयी सांगितले पाहिजे. त्याचे नाव सयाजी. तो मलायात जपान्यांच्या कैदेत सापडला. साडेतीन वर्षांत त्याचे एकच कार्ड आले. त्यावर इंग्रजीत चार छापील ओळी होत्या आणि खाली त्याच्या हातची सही. हरणाबाईला वाचता येत नव्हते. ती त्या सहीवरून बोट फिरवी आणि कार्ड पुन्हा देव्हाऱ्यात ठेवी. लढाई संपल्यावर सयाजी सुटला, पण अंगात काही उरले नव्हते. आधी सिंगापुरात आणि मग बंगलोरच्या इस्पितळात तो खाटेवरच होता.

सेहेचाळीस सालच्या चैत्रातल्या एका शनिवारी दुपारी गुंडा तात्यांनी वडूजहून पत्र आणले. सयाजीच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानाने ते लिहिले होते. आजारी जवानांची आगगाडी पुण्याला निघाली आहे, उद्या रविवारी सकाळी नऊला ती कोरेगावला पाणी घ्यायला थांबेल, सयाजीला खाली उतरू देणार नाहीत, पण खिडकीतून भेट होईल. शेवटी लिहिले होते, 'उशीर करू नये. त्याची तब्येत बरी नाही.'

हरणाबाईने पत्र दोनदा वाचून घेतले. मग ती म्हणाली, "म्हंजी सकाळी नवाला त्येचं त्वांड दिसंल."

"माजी बैलं घ्या," गुंडा तात्या म्हणाले. "आत्ता जुंपली तर रातीतनं कोरेगाव गाठत्याली."

"फटफटी दारात आसताना बैलगाडी कशाला?" लालासाहेब म्हणाले. "सकाळी सहाला निगलो तर आटाला फलाटावर."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी होते तशी निघाले असते तर पोचले असते. टकटक करत, गावभर बोभाटा करत, पण पोचले असते. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते मला नव्याने टोचते. पण आई मागे बसणार, तिच्या आयुष्यातला एवढा मोठा प्रवास, म्हणून लालासाहेबांना मी निर्दोष हवी होते. ऊन उतरल्यावर त्यांनी अंगणात धुतलेले फडके पसरले, पाने काढले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटाचे झाकण उघडले.

पाना दोनदा निसटला आणि त्यांच्या बोटांची सालटी निघाली. पण फौजेत कुणी मला इतक्या मायेने हात लावला नव्हता. त्यांनी चाक हळूहळू फिरवून झडप मिटू दिली, वरचा नट सैल केला, टापेट खालीवर करून पाहिले. सगळे बरोबर चालले होते. अडले ते फक्त मापावर. त्यांच्या हवालदाराचे एक वाक्य त्यांना पाठ होते. गेज नसेल तर फट पोस्टकार्डाएवढी ठेवावी.

घरात पोस्टकार्ड एकच होते.

"आयं," त्यांनी हाक मारली, "दादाचं ते कार्ड जरा दे. मापाला पायजे."

"त्येला तेल लागंल की रं!"

"कोपरा तेवढा लागंल."

"नगं बाबा. साडेतीन वर्सांत त्येवढं एकच आलंय. उद्या सयाजीला दावायचं हाय मला. त्येचं त्वांड बगून येऊ दे, मंग घे काय घ्यायचं त्ये."

लालासाहेबांनी आग्रह केला नाही. आईला दुखवायची ती वेळ नव्हती. नट तसाच आवळून, माझ्यावरूनच वडूजला जाऊन मधुकरकडून गेज मागून आणायला अर्धा तास पुरला असता. ते उठलेसुद्धा, फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. बाजारातले ते बोलणे त्यांना आठवले असणार. मग ते परत आले, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद त्यांनी काढला आणि त्या मापाने माझी फट बसवली. तो कागद पोस्टकार्डाच्या चौथाईइतकासुद्धा जाड नव्हता.

त्यांच्या मनात शंका आली असावी, कारण ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. पण गुंडा तात्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "गच्च आसल्यालं बरं की. आमच्या गाडीचं चाक बी ढिलं ऱ्हायलं की वाटंत दगा देतंय." जन्मभर नांगराची पाचर ठोकत आणि गाडीच्या खुंट्या आवळत आलेल्या माणसाचे ते शहाणपण होते. नांगराच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. लालासाहेबही त्याच शेतकऱ्याच्या घरात वाढले होते. त्यांनी नट आवळला आणि मला चालू केले.

टकटक पार थांबली होती. मी इतकी मुकी कधीच झाले नव्हते.

"व्वा रं मिस्त्री!" गुंडा तात्यांनी मांडीवर थाप मारली. हरणाबाई दारात येऊन उभी राहिली आणि हसली. मित्रांनो, त्या संध्याकाळी माझे जितके कौतुक झाले तितके कधी झाले नव्हते, आणि मला ओरडून सांगता येत नव्हते की आवाज करू द्या, मला थोडा आवाज करू द्या.

सकाळी सहाला आम्ही निघालो. हरणाबाई नवे लुगडे नेसली होती. कनवटीला ते कार्ड होते आणि मांडीवर फडक्यात बांधलेल्या तिळाच्या पोळ्या. पहाटेच्या गारव्यात मी छान पळाले. वडूज गेले, पुसेगावही गेले. "लय भारी हाय रं तुजी गाडी," ती लालासाहेबांच्या पाठीमागून म्हणाली. पण माझ्या पोटात दांडा लांबू लागला होता आणि त्याला जायला जागा नव्हती.

पुसेगाव सोडल्यावर रस्ता वर्धनगडाकडे चढू लागतो. त्या चढणीला माझा दम निघून गेला. आधी मी ठसकले, मग मागून दोन बार झाल्यासारखे आवाज काढले आणि थांबले. लालासाहेबांनी किक मारली. किकला काही जोरच लागेना, ती आपसूक खाली जाऊ लागली. त्यांनी तीसचाळीस किका मारल्या. जितक्या मारल्या तितकी मी तापलेलीच राहिले.

"लाला, चालत जाऊ या का?" हरणाबाईने विचारले.

"चार कोस हाय आयं अजून. नवाला न्हाई पोचायचं चालत. थांब जरा."

दमून ते दगडावर बसले. पाऊण तासाने मी निवले तेव्हा दांडा आखडला, झडप मिटली आणि एका किकेत मी सुरू झाले. हरणाबाईने वर्धनगडाकडे बघून हात जोडले. आम्ही जेमतेम मैलभर गेलो आणि मी पुन्हा तशीच बसले. या वेळी झडपेची कडच जळली. आता निवूनही काही उपयोग नव्हता. लालासाहेबांना हे ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते.

"ढकलू या," ते म्हणाले. "माथा गाठला की पल्याड उतारच हाय."

मग त्यांनी हँडल धरले आणि हरणाबाईने मागून दोन्ही हात लावले. साठीची बाई, अनवाणी, नवे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले. तिच्या हातांचा नेट मला अजून मागच्या मडगार्डावर जाणवतो. मध्येच ती विचारी, "किती वाजलं आस्तील रं?" लालासाहेब हँडल आणखी जोराने ओढत. त्यांच्या मनगटावर फौजेतले घड्याळ होते आणि ते त्याच्याकडे बघायचे टाळत होते.

आम्ही माथ्याशी पोचलो तेव्हा मागून वडूजची सर्व्हिस मोटार आली. साडेनऊ वाजले होते. मधुकर खाली उतरला. त्याने माझी किक हाताने दाबून पाहिली, आपला पात्यांचा जुडगा आणला आणि माझे झाकण उघडून पाते सरकवून पाहिले. ते जाईना. दुसरे, त्याहून पातळ, तेही जाईना.

"लालासाहेब, फटच नाही ठेवली तुम्ही," तो म्हणाला. "तापल्यावर दांडा वाढतो, त्याला जागा नको? निदान पोस्टकार्डाएवढी तरी हवी."

हरणाबाई शेजारीच उभी होती. तिने कनवटीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. तिला कळले होते.

लालासाहेब जमिनीकडे बघत होते. तसेच ते म्हणाले, "काल सांजच्याला गेज मागाय आलो असतो तर?"

"दिला असता की," मधुकर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते त्यांना जास्त लागले.

मधुकरने दोघांना मोटारीत घेतले. मला रस्त्याच्या कडेला बाभळीला टेकवून ठेवले. पुढचे मी पाहिले नाही, नंतर ऐकले. साडेदहाला ते कोरेगावला पोचले तेव्हा फलाट मोकळा होता. संध्याकाळच्या गाडीने ते पुण्याला गेले. अनोळखी शहर, मोठे इस्पितळ, विचारत विचारत सोमवारी दुपारी वॉर्ड सापडला. खाटेवर धुतलेली चादर घातली होती. सयाजी पहाटेच गेला होता. हरणाबाईने पोळ्यांचे गाठोडे तिथल्या शिपायाच्या हातात दिले आणि ती परत फिरली.

मला चौथ्या दिवशी गुंडा तात्यांच्या बैलगाडीतून घरी आणले. कुणी मला दुरुस्त करू या म्हटले नाही. लालासाहेबांनी मिस्त्री म्हणणाऱ्याशी बोलणे सोडले, मग हळूहळू सगळ्यांशीच सोडले. हरणाबाई त्यांना कधी एक शब्द लागेलसे बोलली नाही. ती चूक त्यांची मानत नव्हती. ती स्वतःची मानत होती, आणि ते तिच्या मनातून काढणे कुणालाच जमले नाही. घरात दोन माणसे होती आणि दोन्ही एकाच गोष्टीसाठी स्वतःला खात होती. एकमेकांना सांगत मात्र नव्हती.

आखाडात एक पाहुणा आला. भाऊसो त्याचे नाव, कोरेगाव स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. म्हसवडला निघाला होता, वाटेत पत्ता विचारत आला. पाऊस होता म्हणून गोठ्याच्या पडवीतच बसला, माझ्यापासून चार हातांवर.

"मावशी, तुमाला सांगायचं हुतं," तो म्हणाला. "लय दिस मनात हुतं. त्या दिशी गाडी नऊच्या पुढंबी थांबली हुती. पाण्याच्या नळाचं कायतरी बिघडलं हुतं. चांगली ईस मिंटं थांबली."

"तुमी बगितलं त्येला?" हरणाबाईने विचारले.

"पाणी मीच दिलं. खिडकीला डोकं लावून पडला हुता. भावानं फटफटी घेतलीया, तिच्यावर बसून आई येनार हाय, म्हनला. गावाचं नावबी त्येनंच सांगितलं. धाकट्यानं म्हनं फटफटीचं पत्रात कळवलं हुतं. मला सारका इचारायचा, फटफट आवाज येतोय का बग. त्येला कानानं कमी ऐकू यायचं."

लालासाहेब दारात उभे होते. त्यांनी चौकट धरली.

"मंग?" हरणाबाई म्हणाली.

"शिट्टी झाली, तवा परत इचारलं त्येनं. आवं मावशी, माज्यानं न्हाई म्हनवंना. मी म्हनलो, येतोय की, लांबनं येतोय. तसं हासला आन् डोळं मिटलं. गाडी हालली तरी हासतच हुता. मी खोटं बोललो. त्येच सांगाय आलोय."

हरणाबाई उठून त्याच्याजवळ गेली. मग तिने भाऊसोचा पाणी दिलेला हात कोणता ते विचारले, तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्यावर डोके टेकून ती रडली. पुण्याहून आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. लालासाहेब पावसात बाहेर निघून गेले. परत आले ते कडब्याच्या पेंढ्या घेऊन, आणि त्यांनी मला त्यांच्याखाली झाकून टाकले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला तेल घाला, रंग द्या, असे मी म्हणत नाही. माझी वेळ टळली. पण तुमच्या घरी एखादे यंत्र असेल आणि त्याचे तुम्हाला ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याच्या दारी जा. कालच त्याच्याशी भांडला असाल तरी जा. अर्ध्या तासाची लाज असते ती, पुढे जन्मभर पुरत नाही. आणि यंत्र थोडी टकटक करत असेल तर करू द्या.

कोरेगावच्या फलाटावर एक माणूस वीस मिनिटे माझा आवाज ऐकायला कान देऊन पडला होता. मी तेव्हा चार कोस अलीकडे होते, आणि एक म्हातारी मला मागून ढकलत होती.